सदर इसमाची चौकशी

मळवली, ता. ९ सप्टेंबर १९६५

तीर्थस्वरूप दत्तोबाभाऊंस धाकटी बहीण धोंडाबाईचा दंडवत. हितं आमी समदी बरी हाय. तितं खंडाळ्याच्या बंगल्यावर तुमी, वयनी आन मुक्ता कशी हाय ते कळवा. गुडघा अजून कुरकुरतोय का? एरंडाचं पान बांधा, डाक्टरच्या नादी लागू नका.

आपल्या मुक्तासाठी त्या पोराची गुपचूप चौकशी करा म्हणालात. केली. पन कळवायची कशी? मास्तर रजेवर, ठेसनावरचा सखाराम पायंटमन पाळीवर, आन लिवनारा उरला एकच, शेजारचा बाजीराव. म्हंजे तोच पोरगा. म्हणून ह्यापुढं मी नाव घेत न्हाई. नाव न घेता कसं लिवतात ते त्यालाच विचारलं, तर म्हणाला, "सदर इसम" लिहितात. (तसे लिहिले आहे. जबानी बोलणाराच्याच शब्दांत लिहावी असा नियम असल्याने भाषा बदललेली नाही. — लेखक) मी न सांगता मधी मधी काय खरडतोय देव जाणे. मला वाचता येत असतं तर त्याची टाप न्हवती.

तर भाऊ, सदर इसम फौजदाराच्या परीक्षेला बसलाय. जवा बघावं तवा हातात कायद्याच्या शब्दांची वही. पहाटेपासनं ओसरीवर घोकतो, फिर्यादी, पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. पलीकडची सरुबाई म्हणती, ह्या घोकण्यानं तिच्या म्हशीचं दूध आटलं. (पुरावा नाही. — लेखक) मला वाटतं, परीक्षा हे निमित्त हाय. ओसरीवर बसून कोन कुनाकडं गेलं, काय झाकून नेलं, समदं टिपतो. पोलिसात जायच्या आधीच एवढं, तर गेल्यावर काय?

माझी कोंबडी सरुबाईच्या परसात अंडी घालाया लागली. मी एवढंच म्हणाले, बाबा, जरा बघ. तर ह्यानं दोन पंच बसवले, चुलीपासनं परसापर्यंत पावलं मोजली, माझा अंगठा घेतला, सरुबाईचा घेतला, आन सहा अंडी मुद्देमाल म्हणून जप्त करून घरी नेली. चार दिस झाले, मुद्देमाल परत न्हाई. (नाशवंत असल्याने त्याची वेळीच विल्हेवाट लावली. — लेखक) बघा, लिवताना गालात हसतोय.

भाऊ, असला नवरा कालवणात मीठ कमी पडलं तरी पंचनामा करील. पोरीचं उभं आयुष्य जबान्या देण्यात जाईल. माझं ऐका, मुक्ता ह्याला देऊ नका. (सदर इसमास यावर काही म्हणायचे नाही. — लेखक) आता हसायचा थांबलाय. मान खाली घालून लिवतोय. मला त्याचाबी संशय येतो.

धोंडाबाईची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.
समक्ष: बाजीराव.

ता. क. अंडी परत आली तर विचार करता येईल. (नोंद घेतली. — लेखक)

आणखी ता. क. (हे सखारामच्या हातचं हाय.) पत्र चिकटवायच्या आधी मी ठेसनावर नेऊन सखारामकडनं वाचून घेतलं. म्हटलं, पोरानं समदं फिरवलं असंल, सोत्ताची आरती लिवली असंल. तर न्हाई. घोकणं, अंडी, देऊ नका म्हणाले ते, समदं जसंच्या तसं. गाळलं ते एकच. मी सांगितलं व्हतं का आपली मुक्ताबी काय कमी न्हाई, तोंडाची फटकळ हाय, भाकरी करपवती, रागावली की दोन दोन दिस बोलत न्हाई. हे मी दोनदा सांगितलं. दोन्ही खेपेला "लिहिलं, मावशी" म्हणाला. सखारामनं पत्र उलटंपालटं करून बघितलं, त्यातलं एक अक्षर न्हाई.

ह्यानं आपल्या मुक्ताला कधी आन कुटं बघितली त्याचा तपास तुमी तितं करा. पन भाऊ, सोत्ताच्या इरुद्धची जबानी त्यानं पुरी लिवली आन पोरीच्या इरुद्धची दाबली. असला फौजदार सरकारच्या कामाचा न्हाई. आपल्या कामाचा हाय. पोरगी देऊन टाका.