घासणाऱ्या दांड्याला बिजलीचा नमदा

कंपू, लष्कर
चैत्र शुद्ध दशमी

चि. भालचंद्रास अक्काचे आशीर्वाद. वनमालेचा खोकला थांबला का? ज्येष्ठमध तोंडात धरायला सांग. तू दिवसभर कारखान्यात उभा असतोस, पायांना तेल लावत जा. (तिला लावायला सांगू नकोस, स्वतः लाव.) मी ठीक आहे. तुझे दाजीसाहेब मात्र आठ दिवस बागेकडे पाठ करून ओसरीवर बसलेत, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून यांनी बागेचा छोटा ट्रॅक्टर घेतला, ते तुला ठाऊकच आहे. रिसाल्याची नोकरी संपली, पाठोपाठ बिजली घोडी गेली, तेव्हापासून दोन वर्षं हे फक्त जेवायला उठत. ट्रॅक्टर आला आणि सकाळी फेटा बांधून पुन्हा स्वारीला निघू लागले. बसण्याआधी बॉनेटवर थाप, उतरल्यावर ओल्या फडक्यानं अंग पुसणं. मी हसले नाही. (एकदा हसले, पण स्वयंपाकघरात जाऊन.)

मग क्लचचं पेडल दाबलं की त्याचा दांडा शेजारच्या ब्रेकच्या दांड्याला घासून करकरू लागला. यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "लागलंय त्याला." खोगीर घासून घोड्याची पाठ सोलली, की खाली जाड लोकरीचा नमदा घालायचा, ही रिसाल्यातली रीत. यांनी बिजलीचा ठेवणीतला नमदा कापला (मला कधी त्याला हात लावू दिला नव्हता) आणि त्याची जाड घडी दोन्ही दांड्यांमध्ये ठोकून बसवली. हळद तेवढी लावायची राहिली. बरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "घोडं काय पुस्तक वाचून धरायचं असतं?"

करकर थांबली, पण ट्रॅक्टर काही थांबेना. दांडे नमद्यात रुतले. क्लच सुटेना, ब्रेक लागेना. हे "हो बेटा, हो" करत लगाम असल्यासारखं चाक मागे ओढताहेत, आणि ट्रॅक्टर वरातीच्या चालीनं मेंदीचं कुंपण ओलांडून शेजारच्या शांताताईंच्या अंगणात. तिथे खाटांवर पापड वाळत होते. दोन खाटा मोडल्या, तिसरीत अडकून इंजिन बंद पडलं. कुणाला खरचटलंही नाही. आमचा माळी म्हणाला, "हुजूर, घोडी होती तो अपने आप रुक जाती." तेही चाललं असतं. पण शांताताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय हो, लढाईतही दुश्मनाचे पापडच मोडत होतात वाटतं?" सगळे हसले. हे नमद्याची चिंधी खिशात घालून घरी आले आणि म्हणाले, "विकून टाक तो. माझा हात गेला आता."

भालचंद्र, ती दोन वर्षं मला पुन्हा नकोत.

काल हे औषध आणायला महाराज बाड्याच्या बाजारात गेले, तेव्हा माळ्यानं ढकलत बागेत परत आणलेल्या ट्रॅक्टरखाली मी पदर खोचून पुस्तिकेसह शिरले. (पंचावन्नाव्या वर्षी शिरणं सोपं, निघणं अवघड.) आमच्या कॉन्व्हेंटातल्या पियानोची पेडलं अशीच घासायची. म्हाताऱ्या मदर झगा सावरून जमिनीवर आडव्या होत आणि मेणबत्ती मला धरायला लावत. "आधी बघ कुठे टेकतंय, मग बघ का टेकतंय," म्हणायच्या. पियानो विसरले, एवढं राहिलं. क्लचचा दांडा ज्या पट्टीतून जातो ती वाकली होती, आणि चित्रात दिसणारा एक वायसर जागेवर नव्हताच. पट्टी धुण्याच्या मोगरीनं ठोकून सरळ केली, वायसर जुन्या सायकलचा घातला. आता दांड्यांमध्ये बोटभर जागा आहे.

बाकी क्षेम. मुलांना पापा.

तुझी अक्का

ता. क. खरं काम हे. मी दुरुस्ती केल्याचं यांना कळता कामा नये. तूच यांना पत्र लिही, की असा दोष चांगल्या यंत्रातही येतो, चालवणाऱ्याचा त्यात हात नसतो. पेडलाजवळचा नट आवळला की झालं. तो नट मी मुद्दाम दोन आटे ढिला ठेवलाय.

आणखी एक. पाकीट बंद करत होते तेवढ्यात हे आले. म्हणाले, भालचंद्राला लिहितेस तर चामड्याचे हातमोजे पाठवायला सांग. यांच्या हाताचं माप विचारलं, तर माझा हात हातात घेतला (बत्तीस वर्षांत दिवसाउजेडी पहिल्यांदा), वीत मोजली आणि नखांतल्या काळ्या वंगणाकडे न बघता म्हणाले, "एवढं लिही." मग बागेत गेले, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, वाकून तो ढिला नट बोटानं हलवून पाहिला. आवळला मात्र नाही. परत येऊन विचारतात, पुण्याहून टपाल यायला किती दिवस लागतात?

तेव्हा पत्र लवकर लिही.