नाव न लावलेला पाला

६ सप्टेंबर १९४३, ईट

पोचलो एकदाचे! बार्शीपर्यंत छोट्या रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं. प्रेमाच्या लुगड्यांची एक ट्रंक आणि माझ्या टीपकागदांच्या चार, त्यावरून ती वाटभर मला हसत होती. गाडीवानानं विचारलं, पावणं मास्तर हायत का वाणी? मी म्हटलं, औषधशाळेत शिकतो, तुमच्या डोंगरातला पाला गोळा करायला आलोय. त्यानं एकवार माझ्याकडं आणि एकवार बैलांकडं बघितलं आणि गाडी हाकली.

गफारभाईंच्या किराणा दुकानावरची खोली मिळाली आहे. पूर्वेला खिडकी, उजेड असा की भिंगाखाली पानाची शीर न् शीर मोजावी. त्यांच्या बेगम सायराबींनी आल्या आल्या चहा पाठवला आणि प्रेमाला बहीण करूनही टाकलं.

काम सोपं आहे. लढाईमुळं जावा बेट जपान्यांकडं गेलं आणि हिवतापावरचं कोयनेल मिळेनासं झालं. इकडच्या डोंगरात तापावर गुणकारी पाला आहे, असं आमच्या मोठ्या साहेबांनी ऐकलंय. तो आणि त्याच्यासोबत इतर औषधी झाडं, अशी चाळीस गोळा करायची, कूळ ठरवायचं, नाव लावायचं, वाळवून हैदराबादला पाठवायची. चाळीस झाली की मी पास, आणि दवाखान्यात कायमची जागा. दिवाळीच्या आत उरकतो की नाही बघा!

११ सप्टेंबर

गावातला निम्मा ताप धुरपदाबाई उतरवते. सत्तरीची म्हातारी, पण डोंगर चढते तर मी मागं धापा टाकतो. झाडापुढं ज्वारीचे चार दाणे ठेवते, हात जोडते आणि मगच पाला तोडते.

नाव मात्र सांगत नाही. तापीचा पाला, खोकल्याचा पाला, पोटदुखीचा पाला, बस्स. मी चार-चारदा विचारलं. शेवटी म्हणाली, मास्तर, पाला न्या, काय बी करा, पर नाव लावू नगा, गुन जातो बगा. मी हसलो. नाव लावायचाच तर पगार मिळणार आहे मला!

१९ सप्टेंबर

तापीच्या पाल्यानं आठ दिवस छळलं. हवा दमट, फळ्यांमध्ये दाबलेली पानं काळी पडतात, वस्तऱ्यानं देठाचा पातळ काप घ्यावा तर चुरा होतो. दोनदा तर गफारभाईंच्या शेळीनं टीपकागदासकट नमुना खाल्ला. तिला तरी ताप येणार नाही!

पण आज जमलं. पाकळ्या मोजल्या, बीजकोश उभा चिरला, पुस्तक उघडलं आणि कूळ सापडलं. काडेचिराइताचंच भाऊबंद. चिठ्ठीवर ठसठशीत नाव लिहून चिकटवलं. प्रेमाला म्हातारीचं बोलणं सांगितलं तर ती म्हणाली, मी तुमचं नाव घेत नाही ते बरंच आहे म्हणायचं, नाहीतर आहे तेवढाही गुण जायचा. मी तिच्या अंगावर टीपकागद फेकला.

२८ सप्टेंबर

सायराबींना थंडीताप. धुरपदाबाईनं तीन दिवस काढा दिला आणि ताप हटत नाही. आज ती जिना चढून वर आली, माझ्या हातावर चार पानं ठेवली आणि म्हणाली, चावा.

चावली. काहीच चव नाही. पंधरा दिवसांपूर्वी याच पाल्यानं माझं तोंड रात्रीपर्यंत कडू राहिलं होतं. मी म्हटलं, तुम्ही दुसरंच काहीतरी तोडलं असेल, वय झालं आता. ती जिना उतरून गेली. नंतर भिंगाखाली धरलं तर तेच झाड. तीच शीर, तीच पाकळी, तोच बीजकोश. मग कडूपणा गेला कुठं?

६ ऑक्टोबर

साहेबांचं पत्र. रचना बरोबर, कूळ बरोबर, पण पाठवलेल्या अकरा नमुन्यांत औषधी अंश शून्य. पाला आधी उकळून अर्क काढून घेतलात आणि चोथा आम्हाला पाठवलात काय, असं विचारतात. मला! डोंगर चढून गुडघे फुटले, शाई आणि चिकानं बोटं काळी झाली, आणि मी चोर! पत्र भिरकावलं. प्रेमानं उचलून घडी घालून ठेवलं आणि ताटं वाढली.

१४ ऑक्टोबर

खोकल्याच्या पाल्यालाही नाव लावलं होतं, त्याचाही गुण गेला. पोटदुखीचाही गेला. गावात जो तो माझ्याकडं बघतो. डोकं फिरलंय माझं.

धुरपदाबाईला पारावर गाठलं आणि भांडलो. म्हटलं, अख्खा गाव कडुनिंबाचं नाव घेतो, त्याचा कडूपणा गेला का? ती म्हणाली, हाक मारनं येगळं मास्तर. तुमी फोडता, मोजता, आन् शिक्का मारता. एकदा का वळख पटली की त्ये उगं गवत ऱ्हातं.  माझं दोन वर्षांचं शिक्षण आणि हिचे ज्वारीचे चार दाणे!

२० ऑक्टोबर

ठरवलं, तोंड बंद करायचं तर प्रयोगानं. एकाच बांधावरची दोन वेगवेगळी अनोळखी झुडपं घेतली. सकाळी दोन्ही चाखली. दोन्ही जहाल. एकाचं कूळ शोधून नाव लावलं, दुसऱ्याला हात लावला नाही. दुपारी जाऊन पुन्हा चाखली.

नाव लावलेल्याला चव नाही. बांधावर उभं आहे त्यालाही नाही. शेजारचं अजून जहाल.

बांधावरच बसून राहिलो. प्रेमाला काही सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर

सायराबी गेल्या. सकाळी.

गफारभाईंनी मला दोष दिला नाही. उलट म्हणाले, अल्ला की मर्जी, शांतलिंगभाई, तुम्ही तरी काय करणार. त्यांनी माझं मुस्काट फोडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना कसं सांगू मी काय केलंय?

सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या, जाळल्या. मग डोंगरावर पळत गेलो आणि तापीचा पाला तोंडात कोंबला. गवत. नुसतं गवत.

२७ ऑक्टोबर

आता लिहावंही लागत नाही. नजर गेली की पाकळ्या मोजल्या जातात, कूळ आपोआप जुळतं, नाव पुढं येऊन उभं राहतं. डोंगरावरून येताना चाखत आलो. जे जे ओळखलं ते ते मेलं. कुणी शिकवलं मला हे? आणि शिकवलेलं विसरायचं कसं, ते का नाही शिकवलं?

खिडकीला गोणपाट लावलं. दिवाळी आहे म्हणतात.

३१ ऑक्टोबर

प्रेमाला ताप. दात वाजतायत, चार गोधड्या घातल्या तरी. सायराबींची सेवा हिनंच केली होती.

कोयनेल— बार्शीला माणूस पाठवला, भूमला, धाराशिवला. नाही. सगळं फौजेला.

२ नोव्हेंबर

बरळते आहे. मला ओळखत नाही.

धुरपदाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, माझं चुकलं, मी मूर्ख, पण हिला— तिनं मला उठवलं. मग म्हणाली, पल्याडच्या दऱ्यात अजून एक पाला हाय तापीचा. तुमी बगितला न्हाय म्हून त्याच्यात जीव हाय. वाटून झाकून आनते. तीन डाव द्यायचा. बगायचा न्हाय. हुंगायचा न्हाय. मनात बी आनायचा न्हाय.

मी म्हटलं, तुम्हीच द्या, मी गावाबाहेर जातो. ती म्हणाली, गुन तुमच्या हातानं गेला, तुमच्याच हातानं यायला पायजे.

३ नोव्हेंबर, दुपार

पहिला डाव दिला. डोळे बांधून, श्वास धरून, चमच्यानं.

घाम फुटला तिला! कपाळ गार. पाणी मागितलं. मला ओळखलं! शिवा शिवा, मला ओळखलं.

अजून दोन. म्हातारी बाहेर बसलीये. मी भिंतीकडं तोंड करून लिहितोय. काहीही लिहितोय. मन गुंतलेलं बरं.

दुसरा दिला. ओठाला काहीतरी चिकटलं तिच्या. बोटानं पुसलं. बघितलं नाही. पण बोटाला— लव आहे. खरखरीत, बारीक लव. असू दे. असू दे.

पाढे म्हणतो. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस.

कडेला दाते आहेत पानाच्या. नाही. सत्तावन्न. शहात्तर.

ती आत्ता हसली. म्हणाली, काय पुटपुटताय हो. भूक लागली म्हणाली.

वास. बोटाला वास आहे. हात धुतला तरी. ओव्यासारखा, पण ओवा नाही— लव, दाते, असला वास— म्हणजे देठ चौकोनी, पानं समोरासमोर, फूल— नको, नको— पंच्याण्णव, पंच्याण्णव—

कुळापर्यंत आलो. कुळानं काही होत नाही. नाव अजून नाही आलं. एकच डाव राहिलाय. प्रेमा, तू बोलत राहा, काहीही बोल, मोठ्यानं—

ती गप्प का झाली?

कपाळ तापलंय. पुन्हा. का? मी म्हटलं नाही, मी लिहिलं नाही. बाई, मी नाव लावलं नाही हो, मी फक्त ओळख—