गोळी उष्ण पडली

विश्रांतवाडी, पुणे
१२ मार्च २००१

चि. धम्मदीप यास,
राधाताईचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तू ओरडतोस नि मी रडते, म्हणून लिहिते.

आई दवाखान्यातच आहे. गालातल्या कळेसाठी दिलेल्या गोळीने तिचं अंग भाजल्यासारखं सोलवटलंय. पापण्या डोळ्यांना चिकटल्यात. दृष्टी राहील की नाही, कोणी सांगत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, शरीर औषधावर चिडून स्वतःवरच उलटतं, लाखात एखाद्याचं. उरलेल्या सगळ्यांचं अभिनंदन.

गेल्या वर्षी हीच गोळी घेऊन तिचं तोंड आलं होतं, चट्टे उठले होते. म्हणून तर यंदा तिने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं, की ही मला उष्ण पडते. ते हसले. वर तुझं पत्र आलं, की उष्ण-थंड ही अंधश्रद्धा आहे, आपल्या घराला शोभत नाही, गोळी घे. कॉम्प्युटरवाल्या मुलाचा हुकूम. तिने घेतली. आधी सब्जा तेवढा भिजत घातला. बिचारीचा निषेध तेवढाच.

तब्येतीला जप. तुला कधी काही झालं तर इंग्रजीत हो.
तुझी (नाइलाजाने) ताई

सॅन होजे
२१ मार्च २००१

ती. राधाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. आपल्या त्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, पेशंटने ॲलर्जी सांगितलीच नव्हती. मी म्हटलं, उष्ण पडते असं सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले, असा शब्द वैद्यकशास्त्रात नाही. मी भांडणारच होतो. पण माझ्या पत्रात तरी दुसरं काय होतं?

शनिवारी निघतोय. मला काय बोलायचं ते विमानतळावरच बोलून घे, आईसमोर नको.
तुझा धम्मदीप

विश्रांतवाडी, पुणे
३ जून २००१

चि. धम्मदीप यास,
आईचा जयभीम नि मंगल कामना. वि. वि. मी सांगतेय, राधा लिहितेय आणि मधूनमधून नाक मुरडतेय. उजव्या डोळ्याने माणसं ओळखू येतात. डाव्याने नुसता उजेड. तो आता तेवढाच राहणार म्हणे.

काल आपल्या त्या डॉक्टरांकडे मुद्दाम गेले. तू जाताना पाठ करून घेतलास तो शब्द म्हटला, ॲलर्जी. लगेच खुर्चीत सरळ बसले, लाल शाईने लिहून घेतलं. मी विचारलं, तुमचा हा एक शब्द शिकायला माझा एक डोळा गेला, माझा एक शब्द शिकायला तुमचं काय जाणार होतं?

या वेळी हसले नाहीत.

जेवत जा वेळेवर. लोभ आहेच तुझा, तो कानातही असू दे, म्हणजे दुसऱ्याचं ऐकू येईल.
तुझी आई