टोकियोत खाल्लेला बांगडा

अण्णा,

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी कॉन्व्हेंटच्या पांढऱ्या मोज्यांसकट तुमच्यामागून सावंतवाडीच्या बाजारात यायची, ते दिवस आठवतात का? वेंगुर्ल्याच्या एसटीवरून टोपल्या उतरलेल्या असायच्या. मासळीवाली म्हणायची, "अण्णानु, चांदी हा बघा आज." तुम्ही तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघायचात. "चेडवा, आधी डोळे बघ, मगे कल्ले." मी मोजे सांभाळत उकिडवी बसायची, बांगड्याचे कल्ले उघडून लाल आहेत की तपकिरी ते पाहायची आणि मान हलवायची. मी मान हलवल्याशिवाय तुम्ही वाटा उचलायचा नाहीत. आठवड्याभरात शाळेत सिस्टरनी कितीही झापलं असलं, तरी त्या दिवशी मी कोणीतरी असायची.

आता मी एकसष्ट वर्षांची आहे आणि बहारीनमध्ये झिंजच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. शाळेच्या लायब्ररीतली माझी नोकरी मार्चमध्ये संपली. त्यानिमित्त तुमच्या नातीनं मला जपानला नेलं. ती इथे बँकेत आहे, लग्न होऊन रिफाला राहते. तिनं वर्षभराचा बोनस बाजूला ठेवला होता आणि टोकियोतल्या एका सुशीच्या दुकानात दोन जागांसाठी पाच महिने नंबर लावला होता. सुशी म्हणजे कोमट भाताचा बोटभर मुटका आणि त्यावर मासळीचा एक काप, बहुधा कच्चा. तुम्ही तोंड वाकडं केलं असतंत, मग चव घेतली असतीत.

जेवणाचा आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. ह्यांना सांगितला तेव्हा हे म्हणाले, "तेवढ्यात अख्खी होडी भाड्याने मिळाली असती, खलाशांसकट." लेक म्हणाली की काही वर्षांपूर्वी ऑफिसबरोबर ती गेली होती तेव्हा अशा जागी बरंच स्वस्त होतं. आता बाहेरून येणाऱ्यांना त्यांचं चलन स्वस्त पडतं, म्हणून जो तो तिथेच धावतो. मासळी महाग झाली आहे, तांदूळही, आणि दुकानाचं नाव झालं की त्याचा भाव वेगळा. तिथल्या साध्या माणसाला ते परवडेनासं झालंय म्हणे. दाराशी तिनं मला थांबवून बजावलं, "आई, प्लीज, आत भाव करायचा नाही." मी म्हटलं, मला काय वेड लागलंय?

आठ जणांचा लाकडी ओटा. पलीकडे तुमच्या वयाचा एक म्हातारा, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाचा. मेनू नाही. तो देईल ते, देईल तेव्हा. सगळे देवळात बसावं तसे गप्प. चार-पाच घास झाल्यावर तो बांगडा कापायला घेणार असं लेकीनं सांगितलं आणि माझ्या तोंडून गेलं, "त्याला विचार, कल्ले दाखवतो का."

"आई. इट्स नॉट डन."

"विचार तर."

तिचे कान लाल झाले, पण तिनं इंग्रजीत विचारलं. म्हाताऱ्याच्या मदतनीस बाईनं ते जपानीत सांगितलं. त्यानं हातातली सुरी खाली ठेवली. मग वाकून लाकडी पेटीतून एक न कापलेला बांगडा काढला, दोन्ही हातांवर घेऊन माझ्यासमोर धरला आणि अंगठ्यानं कल्ला उघडला. जास्वंदीसारखा लाल. मी मान हलवली. त्यानंही हलवली. शेजारचे साहेबलोक हसले, आणि त्यानंतर ओट्यावर लोक बोलू लागले. कापायचा बांगडा त्यानं आधीच मीठ लावून, व्हिनेगरमधून काढून ठेवला होता. त्याचा एक काप त्यानं माझ्या ताटलीत नाही, तळहातावर ठेवला.

अण्णा, मी तो खाल्ला आणि घाबरले. कारण तो तुमच्या बांगड्यापेक्षा चांगला होता. जरासा नाही, खूप. एवढी वर्षं मी घरात सांगत आलेय की अण्णा आणायचे तसा बांगडा जगात कुठे नाही. माझी मुलं लहानपणी इथल्या हमूर माशाला नाकं मुरडायची तीसुद्धा माझ्यामुळे. तुम्ही गेलात तेव्हा मी इथेच होते, पोहोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. त्यानंतर तुमच्या बांगड्याचं कौतुक करणं एवढंच तुमच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात उरलं होतं. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी सवयीनं म्हणाले, "छान आहे. पण अण्णांच्या बांगड्याची सर नाही."

ती फक्त "ऑफ कोर्स" म्हणाली. हॉटेलवर तिनं बूट काढता काढता विचारलं, "आई, खरं सांग, वर्थ होतं का?" मी म्हटलं, "एवढे पैसे घालवायला नको होते." तिनं दिवा घालवला. बहारीनला परत आल्यापासून इथल्या सुट्टीचे दोन शुक्रवार झाले, ती जेवायला आलेली नाही. फोनवर गोड बोलते, कामाचं सांगते. तिच्या बाबांना पुढच्या वर्षी तिथे न्यायचं तिच्या मनात होतं, तेही तिनं खलास करून टाकलं.

परवा मी इथले बांगडे तळत होते आणि तुमचा आवाज आला. भास नाही, जुनंच काही वर आलं. मी नववीत असेन. आईनं तुमच्या बांगड्यांची तारीफ केली तेव्हा पाटावरून तुम्ही म्हणालात, "हो कसलो ताजो? हो एसटीतून इलेलो. होडयेवरचो खावक व्हयो एकदा, मगे कळात." आणि हसून काटा काढलात. म्हणजे होडीवरचा बांगडा याहून चांगला असतो, हे तुम्हाला माहीत होतं. मीच तुम्हाला नको ती बढती देऊन ठेवली होती.

मग ते दाम वाजवी होते का? मी यावर बराच विचार केला आहे, दुसरं काम काय आता. दुसऱ्या दिवशी स्टेशनातल्या दुकानात, सरकत्या पट्ट्यावरून बशा उचलून आम्ही पोटभर सुशी खाल्ली, तीही चांगली होती आणि कोणालाही झेपेल अशी. दर वर्षी त्या ओट्यावर बसणं ही उधळपट्टी आहे. नाव मोठं म्हणून भाव वाढवणारे असतील, त्यांच्याकडे एकदाही जाऊ नये. पण ज्यानं पहाटे उठून माझ्यासाठी शंभरातला एक निवडला, आणि एका परक्या बाईनं कल्ले मागितले तर अपमान न मानता दाखवले, त्याच्याकडे आयुष्यात एकदा जावं. त्याच्या दामात ते निवडणं आहे. तुम्ही ते फुकट करायचात, म्हणून मला त्याची किंमत कळली नव्हती.

एक कबुली राहिली. मला आणखी एक काप हवा होता. मागायला लाजले.

हे पत्र कुठे जाणार नाही, शिवणाच्या डब्यात राहील. बाकीचं असं ठरवलंय. तिथून आणलेला हिरवा चहा सावंतवाडीला धाकट्या भावाला. तो पिणार नाही, पण डबा जपून ठेवील. कागदी पंखा तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंना, सलमानिया हॉस्पिटलची ड्यूटी संपवून येतात तेव्हा लिफ्टमध्ये घामाघूम असतात. लाकडी चॉपस्टिक ह्यांना, सरावाला, पुढच्या वर्षापर्यंत वेळ आहे. आणि लेकीला, शुक्रवारची वाट न बघता आज संध्याकाळीच रिफाला जाऊन, तिच्या दारातच सांगायचं: तो बांगडा मी जन्मात खाल्लेल्या सगळ्या बांगड्यांत चांगला होता, अण्णांच्यासकट.