हौदावरची ताडपत्री

३ मार्च
ति. बाबांस सा. न. वि. वि.
डब्यातली पिवळी पूड आमच्या प्रयोगशाळेची आहे. मसाला नव्हे, हे काकूला आधी सांगा. युरिया भट्टीत भाजून केली आहे. तिच्यात धातूचा कणही नाही, त्यामुळे पाण्यात विष उतरायची भीती नाही. उजेडात ती पाण्यातला रंग तोडून टाकते. आपल्या कापडाच्या रंगशाळेच्या सांडपाण्याच्या हौदात टाका आणि ढवळत राहा. नाल्यात पुन्हा लाल पाणी दिसलं तर तपासनीस महिनाअखेरीस टाळं ठोकणार, असं आईने कळवल्यापासून मला घास गोड लागत नाही.
तुमची,
ठकी

१२ मार्च
चि. ठकीस अनेक आशीर्वाद.
हौद रोज ढवळतो, पण पाणी लाल ते लालच. काका म्हणतो, पोरीची विद्या आपल्या रंगापुढे हरली. मी त्याला गप्प केलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, आपला लाल आहेच हट्टी. चिमूटभर पुडीत मी रुमालही पिवळा रंगवून पाहिला. पहिल्याच धुण्यात पांढराफटक! कामगारांना टाळ्याचं अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही. हौदाची निगा मात्र चोख आहे. ताडपत्री घट्ट बांधली आहे, उन्हाचा कवडसासुद्धा आत जात नाही.
तुझे,
बाबा

१६ मार्च
ति. बाबांस सा. न.
पत्र वाचून कपाळावर हात मारला. आधी ती ताडपत्री काढा! पुडीला ऊनच हवं असतं. आमच्या मार्गदर्शक बाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. रंगवलेली ओली ओढणी उन्हात टाकली म्हणून मी तुमचा धपाटा खाल्लेला आहे, तरी तुम्ही हौद झाकाल हे मला सुचू नये!
घाईत,
ठकी

३० मार्च
चि. ठकीस अनेक आशीर्वाद.
ताडपत्री सोडताना हात धजेना. रंगाला ऊन दाखवायचं नाही, हे माझ्या वडिलांनी मला चालायच्या आधी शिकवलं असेल. शेवटी काकाने दोरी सोडली आणि मी पाठ फिरवून उभा राहिलो. लाल होतं ते गुलाबी झालं, मग फिकट, आणि परवा पूड खाली बसल्यावर हौदाच्या तळाच्या फरश्या दिसल्या. काल तपासनीस आले, बाटली भरून उजेडात धरली आणि काम चालू ठेवा म्हणाले. मग मी कामगारांना सगळं सांगितलं. एवढं लपवलं म्हणून ते आधी रागावले आणि मग चहा मागवला.
उन्हात रंग उडाला म्हणून मला आनंद झाला, हे बाहेर कुठे बोलू नकोस, गिऱ्हाईक पळेल. तुझ्यावरचा माझा लोभ मात्र पक्क्या रंगाचा आहे, खुशाल उन्हात टाकून बघ.
तुझे,
बाबा