खिडकी केवढी?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

खोलीत दोन खाटा. मध्ये टेबल, टेबलावर दिवा — सीमेवरच्या चौकीसारखा! लेकीने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बुकिंग केलं, तेव्हा 'जोडप्यासाठी' असं बजावून सांगितलं होतं म्हणे. काउंटरवरचा माणूस ओशाळला. "खाटा जोडून देऊ?" मी तोंड उघडणार तोच ही म्हणाली, "राहू दे. कशाला उगीच त्रास?"

कुणाला, ते नाही सांगितलं.

संस्कृतात दोघांसाठी म्हणून खास द्विवचन आहे. मराठीने ते अडगळीत टाकलं. एक, नाहीतर अनेक; मधल्यांनी आपापलं बघावं! तिला हे ऐकवलं. हसली. मग कपडे कपाटात लावत बसली. मुक्काम दोन दिवसांचा आणि घड्या अशा घालतेय की जणू घर मांडायचंय.

उद्या खेळ. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात सुरू केलेला. हॉटेलात नाश्त्याला वेगवेगळं उतरायचं, अनोळखी असल्यासारखं भेटायचं, अहो-जाहो करायचं, वाटेल त्या थापा मारायच्या. एकदा मी पाणबुड्या होतो, ती सर्कसवाल्याची विधवा. नियम एकच — खालचं बोलणं वर खोलीत आणायचं नाही.

शनिवार, ८ — सकाळ

मी आधी जाऊन बसलो. ती आली. राखाडी स्वेटर, केस नीट बांधलेले.

"इथे कोणी बसलंय का?"

"आपल्यासाठीच राखून ठेवली खुर्ची. मी घड्याळं विकतो. आपण?"

"नर्स. डोळ्यांच्या दवाखान्यात."

मनात म्हटलं, यंदा प्रतिभा आटली वाटतं बाईसाहेबांची. चक्क खरं सांगतेय!

"एकट्याच आलात?"

"नवरा आहे वर. वार्ताहर आहे तो."

"अरेरे!"

"नाही हो, माणूस चांगला आहे. पण मी काही सांगायला गेले की तो त्याचा विनोद करतो. आणि मला हसू येतं, तेच वाईट. हसून झालं की सांगायचं राहून जातं."

मी टोस्टला लोणी लावत राहिलो. लावलेल्यावरच पुन्हा लावलं. "मग काय सांगायचं राहिलंय?"

"मी थोरल्या बहिणीकडे राहायला चाललेय. कायमची. तिची वरची खोली रिकामी आहे. रंग देऊन झाला. पडदे तेवढे राहिलेत."

"कुठल्या रंगाचे?" हे का विचारलं, देव जाणे. वार्ताहराची खोड — उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बघा, हे त्याने कधी विचारलं नसतं."

आणि कॉफी आणायला उठली.

वर आल्यावर नेहमीसारखी. "चल, आवर. संग्रहालय बघायचंय ना?" नियम म्हणजे नियम.

शनिवार — संध्याकाळ

थाप असणार. सर्कसवाल्याची विधवा होती तशीच. दिवसभर स्वतःला हेच बजावतोय.

संग्रहालयात फुटकी मडकी पाहिली. जोडलेली. पुलावर एका वाटसरूने आमचा फोटो काढला. "जवळ या. अजून. अहो, अजून जरा!" लेकीला पाठवला. 'किती गोड!!' असं उत्तर आलं.

पुलापलीकडे कापडाचं दुकान. ही न विचारता आत. एक मातकट कापड बोटांत धरून उभी राहिली.

"पडद्याला छान दिसेल," दुकानातली बाई म्हणाली. "खिडकी केवढी आहे?"

हिने दोन्ही हात पसरले. अंदाजाने नव्हे, मोजून आलेल्या माणसासारखे. मग एक हात वर, एक खाली: उंची.

आमच्या घरात एवढी उंच खिडकी नाही. एकही.

"उजेड खूप येत असेल."

"हो ना! सकाळचा," ही म्हणाली. हा आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता.

बाहेर पडल्यावर मी काहीतरी गमतीचं बोललो. ती हसली. मेलोच मी.

रविवार, ९ — पहाट

दोघंही जागे. मधला दिवा कुणीच लावला नाही.

रविवार — परतीच्या गाडीत

ती शेजारी, डोळे मिटून. लिहून टाकतो.

नाश्त्याला उतरलोच नाही. ती बॅग भरत होती. मी म्हणालो, "पडदे कुठल्या रंगाचे घेणारेस?"

तिचे हात थांबले. "हे कोण विचारतंय? खालचा की वरचा?"

"वरचा."

"नियम मोडलास."

"हो."

ती खाटेवर टेकली. माझ्या तोंडाशी एक विनोद आला होता. झकास होता, खरंच! गिळला. तीही त्याचीच वाट बघत होती. सवयीने चेहरा हसायच्या तयारीत. हळूहळू ती तयारी मोडत गेली आणि ती रडायला लागली. मग बोलली. पहिल्यांदाच, शेवटपर्यंत. काय ते इथे लिहिणार नाही. ही बातमी नव्हे.

शेवटी विचारलं, "जातेस?"

"हो रे."

इतक्या मायेने म्हणाली की भांडायलाही जागा उरली नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर — तिच्या ताईकडे

तिचं सामान आधीच आलं होतं. पडदे मी आणले, मीच चढवले. मातकट. खिडकी तिने हातांनी दाखवली होती तेवढीच, तसूभरही कमी नाही. उजेड खरंच खूप येतो.

निघायचं म्हणून खाली आलो. ती टेबलाशी एकटीच चहा घेत होती. समोरची खुर्ची रिकामी.

"इथे कोणी बसलंय का?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही.

"अजून तरी नाही," म्हणाली.