दोन अध्याय पाणी

अहो,

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. नवं पान कशाला वाया घालवायचं!

उद्या संत्र्याचा ताण तोडायचा आहे. महिना झाला बागेचं पाणी बंद ठेवून, पानं मलूल झालीत. आता पाणी कमी पडलं तर फूल धरणार नाही, जास्त झालं तर नुसती पालवी फुटेल. किती द्यायचं, ते सांगायला या वर्षी तुम्ही नाहीत.

काल अकोल्याहून पाण्याची पाहणी करणारी एक मुलगी आली होती. "काकू, झाडांच्या एका ओळीले मोटार किती तास चालते?"

"दोन अध्याय," मी म्हटलं. ती बघतच राहिली!

तिला काय ठाऊक? तुम्ही मोटार लावून हाक द्यायचात, मी पोथी उघडायची. दोन अध्याय झाले की तुम्ही पुढच्या ओळीला पाणी वळवायचात. वहीत बारा वर्षांची नोंद तशीच आहे. चोख वहीचा केवढा तोरा होता मला!

मग तिनं घड्याळ लावून मला वाचायला बसवलं. तुमच्या आवडीची ओवी आली, तीच पुन्हा पुन्हा वाचत राहिले. एकच अध्याय, पण संपता संपेना. मग मोटारीचं पाणी मोजायला तिनं ड्रम भरून पाहिला, तीनदा. विजेचा दाब कमीजास्त, तिन्ही वेळा आकडा वेगळा.

"अंदाजे लिहू का, काकू?"

"लिही बाई. पण अंदाजच आहे, हेही लिही."

मग माझी वही खोटी होती का हो? आणि बाग तरी एवढी वर्षं कशी बहरली?

ती गेल्यावर आठवलं. मी वही मिटली की तुम्ही पुन्हा बागेत जायचात. आळ्यात हात खुपसून माती मुठीत दाबून पाहायचात. कुठे आणखी पाणी सोडायचात, कुठे बांध घालायचात. मी ओरडायची, "किती देल्लं ते सांगा, लिहाचं हाये!"

"मले काहून इचारून राहिली, वहीवाली? झाडाले इचार ना!"

चिखलाच्या नखांनी जेवायला बसलात की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. त्यापेक्षा एकदा तरी 'मलाही दाखवा' म्हटलं असतं!

उद्या पोथी वाचीन, पण मोटार लावायच्या आधी, देवासाठी. मग प्रत्येक आळ्यात स्वतः हात घालीन. चुकेन, पण झाडालाच विचारीन. आणि त्याच नखांनी तुमच्या पाटासमोर जेवायला बसेन. तेव्हा एवढ्या वर्षांचं उट्टं काढा, मनसोक्त बोला मला. मी ऐकून घेईन.

तुमची,
वहीवाली